बाळाचं कोरं पांढरं कापड

"घेऊन जा तुमचं मढ्याचं कापड!"

असं म्हणून धोंडाबाईनं गाठोडं माझ्या पायाशी आपटलं. दुधाच्या पावडरीचा डबा घरंगळत अंगणात गेला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मुळशीत एका मिशनच्या दवाखान्यात मी नर्स-मिडवाइफ होते. ज्या घरात चूल कशीबशी पेटते, तिथल्या गरोदर बाईला दिवस भरत आले की आम्ही एक गाठोडं द्यायचो. दुधाची पावडर, तूप, साबण आणि बाळाची झबली-दुपटी. सगळी कोरी, पांढरीशुभ्र. सिस्टर क्लारा स्वतः शिवायच्या. आम्ही कॅथलिक. आमच्यात बाप्तिस्म्याला, म्हणजे चर्चमध्ये बाळाचा नामविधी होतो तेव्हा, पांढरंच घालतात. पांढऱ्यात कुणाला वावगं दिसेल, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

धोंडाबाईची सून हौसा. मागे तपासणीला आली तेव्हा तिचा चेहरा, पाय सुजलेले होते. लघवी नळीत तापवली तर पांढरी साखळली. याला टॉक्सिमिया म्हणतात. गरोदरपणी ब्लड प्रेशर चढतं, वेळेत आवरलं नाही तर झटके येतात. मग आई जाते, मूलही जातं. तेव्हाच गाठोडं देऊन तिला लगेच परत बोलावलं होतं. ती आलीच नाही, म्हणून मी वाडी चढून आले होते.

"अहो मावशी, बाळाचे कपडे आहेत ते!"

"पोर जलमायच्या आदी कोरं पांढरं घरात आनत्यात व्हय? जुन्या लुगड्यात घेत्यात पोराला! वरल्या वाडीच्या सोनीलाबी दिलं हुतं तुमी. पोर मेलेलंच झालं. त्येच कापडात गुंडाळून पुरलं!"

सोनी यायची बंद झाली तेव्हा ती माहेरी गेली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

"तवापास्नं कुनी बाई येती का तुमच्याकडं?" धोंडाबाई म्हणाली.

खरंच, येत नव्हती. लावणीचे दिवस आहेत, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो. लावणी कसली न् काय!

तेवढ्यात आतून हौसाचा आवाज आला. "नर्सबाई, डोकं लई ठनकतंय. डोळ्याम्होरं काळं काळं येतंय."

हे झटक्याआधीचं लक्षण. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मावशी, शिव्या नंतर घाला! हिला आत्ता पुण्याला हलवलं नाही तर दोघंही हातची जातील."

"तुमच्यासंगं न्हाई धाडायची."

"मग या कापडाचं काय करू ते तरी सांगा. जाळू?"

"भरल्या घरात जाळतीस?" ती खेकसली. जरा थांबून म्हणाली, "हळदीत बुचकळ."

तिनंच घंगाळात हळद कालवली. मी एकेक झबलं, एकेक दुपटं बुडवून पिळलं. कोपरापर्यंत पिवळी झाले. ती कंबरेवर हात ठेवून बघत होती. शेवटचं दुपटं पिळून झालं तेव्हा तिनं मुलाला हाक मारली, "डोली बांद रं!"

डोलीतून रस्त्यापर्यंत, तिथून मिशनच्या जीपनं पुणे. वाटेत हौसाला झटका आलाच. दातात जीभ सापडू नये म्हणून मी कापड गुंडाळलेला चमचा धरला आणि सगळ्या संतांची नावं घेतली. हॉस्पिटलात तिला मुलगी झाली. चिमणीएवढी, पण जिवंत. हौसाही वाचली.

सिस्टर क्लारांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "पण ती सोनी इथे उभी होती. माझ्या हातातून तिने घेतले. मला का नाही सांगितले?"

"सिस्टर, फुकट देणाऱ्याला तोंडावर कोण नाही म्हणणार? गरीब माणूस घेतो, हात जोडतो आणि पुन्हा येत नाही."

त्यानंतर नोकरीभर मी एक नेम पाळला. एखादी बाई दवाखान्यात यायची थांबली, की तिचं काय चुकलं हे विचारायच्या आधी, आम्ही तिला काय दिलं होतं ते बघायचं.