सूट नको असलेल्या बाई

"घ्या, नापास झाले," असं म्हणून बाई पेढ्यांचा बॉक्स पुढे करायच्या.

नवीन माणूस गोंधळायचा. पेढा घ्यावा तर चेहरा कसा करावा हे ठरत नसे, आणि नको म्हणावं तर पेढा ताजा असे. आम्ही जुने लोक सरावलो होतो. विभागीय परीक्षेचा निकाल लागला आणि यादीत बाईंचं नाव नसलं, की साडेअकरापर्यंत पेढे येणार, हे आमच्या ठाण्याच्या कचेरीत चहावाल्यालाही ठाऊक होतं. यादीत फक्त पास झालेल्यांचीच नावं असतात. नापासांना कुणी कळवत नाही. त्यांनी आपलं आपण समजून घ्यायचं.

तुम्ही सरकारी कचेरीत कधी काम केलं नसेल तर एवढंच सांगतो. कारकुनाला वरच्या जागेवर जायचं तर ही परीक्षा पास व्हावी लागते. नाही झालात तर मागून आलेले पुढे जातात. मात्र वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाली की परीक्षेतून सूट मिळते आणि बढतीची वाट आपोआप मोकळी होते. म्हणजे अभ्यास जमत नसेल तर वाढदिवस साजरे करत राहायचे. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी हाच अभ्यासक्रम निवडला होता.

बाईंनी तो निवडला नाही.

त्यांच्या पहिल्या नापास होण्याला खरं तर आम्ही सगळेच जबाबदार होतो. तिसऱ्या पेपराला पुस्तकं जवळ ठेवायची परवानगी असते. बाई आमच्या कपाटातलं नियमांचं पुस्तक घेऊन गेल्या आणि त्यात बघून सगळे प्रश्न सोडवून आल्या. मागाहून अर्ज करून गुणपत्रक मागवलं तेव्हा नेमके त्याच पेपरात सगळ्यात कमी गुण. पुस्तक इतकं जुनं होतं की त्यातले अर्धे नियम केव्हाच बदलले होते. बाईंची उत्तरं बरोबर होती, फक्त ती पूर्वी बरोबर होती.

दुसऱ्या कुणी कचेरीला शिव्या घातल्या असत्या. बाईंनी गुणपत्रक टेबलावर सपाट केलं आणि म्हणाल्या, "बघू, गेले कुठं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. गुण म्हणजे जणू घरातून न सांगता बाहेर पडलेली मुलं, शोधली की सापडणारच. पाच मिनिटांनी त्यांनी मान वर केली.

"भाऊसाहेब, आपण रोजचं काम कुठल्या पुस्तकावरून करतो?"

"ह्याच पुस्तकावरून," मी म्हणालो.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, मग साहेबांच्या दाराकडे, आणि बाईंनी पुस्तक हळूच मिटलं.

पुढचे कित्येक महिने बाई बदललेले नियम जमवत होत्या. या शाखेतून, त्या शाखेतून, कुणाच्या फायलीतून. प्रत्येकाची पट्टी कापून योग्य पानावर डिंकाने चिकटवायच्या. पुस्तक पुरीसारखं टम्म फुगलं. आणि हळूहळू परीक्षा पास झालेली मंडळी ते बघायला बाईंच्या टेबलाशी येऊ लागली. त्यात पहिल्याच फटक्यात पास झालेला आमचा एक तरुण सहकारीही होता.

"मॅडम, ही केस जरा बघता का?"

"माझं बघणं चालेल ना रे? मी नापास आहे."

"काय मॅडम, तुम्ही पण! बोला ना पटकन, साहेब थांबलेत."

मग बाई चष्मा चढवून त्याला समजावून सांगायच्या. दोनदा.

दुसऱ्या वेळी त्यांनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इतकी सविस्तर लिहिली की बाकीच्यांना वेळच उरला नाही. गेले कुठं ते सापडल्यावर बाई रोजच्या टिप्पण्याही घड्याळ लावून लिहू लागल्या. चार पानांचं काम पाऊण पानात होऊ लागलं. साहेबांना वाटलं, बाई काम टाळायला लागल्या. तिसऱ्या वेळी काय झालं ते मी विसरलो. पेढे मात्र मलईचे होते.

त्या वर्षी आमच्या कचेरीचा एकूणच निकाल वाईट लागला. साहेबांनी त्यावर उपाय म्हणून एक व्याख्याते बोलावले. सूट, कॉलरला लावलेला माईक, मागे पडद्यावर डोंगर चढणारा माणूस. अपयश ही यशाची पहिली पायरी असते, हे त्यांनी दीड तासात निरनिराळ्या आवाजांत सांगितलं. शेवटी काही शंका आहेत का, असं विचारलं. अशा वेळी शंका नसते, ही आमची परंपरा. बाई उभ्या राहिल्या.

"सर, माझी तिसरी पायरी झाली. जिना किती मजल्यांचा आहे, ते सांगाल का?"

व्याख्याते हसले. साहेब हसले नाहीत. नंतर चहाला बाईंना वेफर्स मिळाले नाहीत, ते मुद्दाम की संपले म्हणून, हे मला आजही माहीत नाही.

चौथ्या वेळी त्या दोन गुणांनी गेल्या. पेढे आलेच. पण संध्याकाळी बसस्टॉपवर मला त्या दिसल्या, आणि त्यांची वर्तकनगरची बस त्यांच्यासमोरून निघून गेली. नंतर आणखी एक गेली. माझी माजिवड्याची मीही सोडली.

"आज नाही हो जमत, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या.

"सकाळी तर हसत पेढे वाटत होता."

"पेढा तोंडात असला की माणसाला सांत्वन करता येत नाही. म्हणून वाटते." त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "पुढची परीक्षा येईपर्यंत मला पंचेचाळीस पूर्ण होतील."

"मग बरंच झालं की. सुटलात." बोललो आणि जीभ चावली.

"काय बरं झालं? ज्येष्ठता यादीत माझ्या नावापुढे रिटायर होईपर्यंत लिहिलेलं राहणार, सूट. सूट मी साडीवर घेते, भाऊसाहेब."

बस आली. पायरीवर चढताना त्या म्हणाल्या, "उद्या बघू, गेले कुठं. आज गेलेत, तेवढं पुरे."

वाढदिवस झाला, सूट मिळाल्याचा आदेश आला, साहेबांनी अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुढच्या परीक्षेला बसण्याचा अर्ज दिला.

कचेरीत असा अर्ज कधी आलाच नव्हता. सूट मिळालेल्या माणसाने परीक्षेला बसू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण असं कुणी करील हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. साहेबांनी वैतागून शेरा मारला, 'नियम तपासून सादर करा.' आमच्या कचेरीत नियम कोण तपासतं? फाइल फिरून बाईंच्याच टेबलावर आली. त्यांनी गंभीरपणे लिहिलं, 'नियमात मनाई आढळत नाही. तथापि अर्जदार व टिप्पणी लिहिणारी व्यक्ती एकच असल्याने अन्य कर्मचाऱ्याचा अभिप्राय घेणे उचित होईल.' अन्य कर्मचारी म्हणजे मी.

"काय लिहू?" मी विचारलं.

"मला विचारू नका, ते बरोबर दिसणार नाही," बाई म्हणाल्या, आणि पुस्तकाचं नेमकं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

परवानगी मिळाली. बाई परीक्षा देऊन आल्या, आणि निकालाआधीच बढतीवर त्यांची कल्याणला बदली झाली. त्यांच्या जागी एक शांत गृहस्थ आले. ते सगळे नियम फोनवर बाईंना विचारतात.

यादी आली त्या सकाळी मी ती खालून वर वाचत गेलो. मधोमध बाईंचं नाव होतं. साहेबांना कळल्यावर त्यांनी लगेच सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि जिद्द या विषयावर स्वतःचे चार शब्द. बोलावणं करायला मी कल्याणला फोन लावला.

"रजा शिल्लक नाही म्हणावं," बाई म्हणाल्या. "सत्कार परस्पर करून घ्या."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. पलीकडून कुणी फाइल मागत होतं, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं.

"भाऊसाहेब, यादी हातात आहे का तुमच्या?"

"आहे ना. तुम्ही बघितली नाहीत?"

"सकाळीच बघितली. पण इथं कुणाला ठाऊकच नाही मी परीक्षा दिलेली." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "वाचता का? मोठ्यानं."

मी खुर्ची मागे सारून उभा राहिलो. बैठक क्रमांक वाचला, बाईंचं पूर्ण नाव वाचलं, शेवटच्या रकान्यातलं 'उत्तीर्ण' वाचलं. तो तरुण सहकारी हातातला शिक्का तसाच धरून बघत होता.

पलीकडे फाइल मागणाऱ्याचा आवाज पुन्हा आला. मला वाटलं, त्यात बाईंना ऐकू गेलं नसावं.

"बाई, ऐकलंत?"

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.