घोंगडीची झूल

“आता ह्या घरात तिच्यावर झूल टाकनारं कोन हाये?”

थोरले मामा अंगणात वणीहून आलेल्या बँडवाल्याशी बोलत होते. हळूच बोलत होते, पण मी पाण्याचे ग्लास घेऊन दारातच उभी होते, त्यामुळे मला ऐकू आलं. धाकट्या मामाची तेरवी होती. जेवणं आटोपून लोक एकेक करून निघत होते, कारण दारव्ह्याच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होत चाललं होतं. कडुनिंबाखाली शेवंती कान मागे टाकून उभी होती. शेवंती म्हणजे मामाची पांढरी घोडी, वरातीला भाड्यानं जाणारी. “वरीसभर दुखवट्याच्या घरची घोडी कोनी वरातीले लावत नाही,” थोरले मामा पुढे म्हणाले. “उभी राहून खाईन आन् बिघडन. तुमी आजच घेऊन जा.” बँडवाल्यानं मान हलवली. मामी ओट्यावर बसून होती. तिनंही ऐकलं होतं... तिनं पदर सारखा केला. मी बँडवाल्यापुढे पाण्याचा ग्लास धरला.

मी दारव्ह्याच्या एका इंग्रजी शाळेत शिकवते. नोकरी लागली तेव्हा आईनं मला तिच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे या मामाकडे ठेवलं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. घर गावाच्या टोकाला, मागे कपाशी, अंगणात घोडी. मी कमी बोलते. शाळेत इंग्रजी आणि घरी पुस्तकी मराठी, त्यामुळे गावात तोंड उघडलं की कुणीतरी हसायचं. मामाही हसायचा, पण त्याच्या हसण्यानं मला गप्प व्हावंसं वाटत नसे. “मास्तरीन, तुह्या शब्दाले इस्त्री केलेली असते,” म्हणायचा. “जरा चुरगाळू दे.” तो गेला तो दुपारी, शेवटच्या वेचणीच्या कापसाच्या ढिगाशी. मी वर्गात होते. शेजारच्यांचा फोन आला, आणि त्यांनी आधी मला बसायला सांगितलं. तेवढ्यावरूनच कळलं.

मामाला घोडी सजवायची भारी हौस होती. लाल मखमलीची, सोनेरी गोटा लावलेली झूल आपण स्वतः नागपूरहून मखमल निवडून आणून शिवून घेतली, असं तो सांगायचा. ती अंगावर आली की शेवंती राणी दिसायची आणि मामा तिचा दिवाण. पण पावसाची झूल म्हटलं की त्याचं डोकं चालत नसे. मी राहायला आले त्या पावसाळ्यात तो तिच्यावर एक जुना फ्लेक्स बांधायचा. कुणातरी पुढाऱ्याचा, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. शेवंती रस्त्यानं निघाली की तिच्या पोटावर त्या पुढाऱ्याचे जोडलेले हात हलायचे. चहाच्या टपरीवरून हाका यायच्या, “काहो मामा, घोडीचा बड्डे हाये काय?” “हाये ना! केक नाही आनला काहून बे?” मामा उलटा ओरडायचा. घरी येऊन फ्लेक्स काढला की मात्र आतून घोडी चिंब. वरून थेंब शिरलेला नसायचा... तो सगळा तिचाच घाम होता. मग वारा लागायचा, आणि दोन दिवसांनी ती खोकू लागायची. मामाला वाटे पाणी कुठून तरी शिरतं, म्हणून तो आणखी घट्ट बांधायचा.

फोनवर परदेशातल्या घोड्यांच्या झुलींविषयी वाचून मी त्याला एकदा चाचरत सांगितलं, की कापडातून आतली वाफ बाहेर जायला हवी. “मंग गोऱ्याईच्या घोड्याले कोट असते म्हन,” मामा हसला. संध्याकाळी मात्र त्यानं माळ्यावरून आज्याची काळी घोंगडी काढली. तिथून आमचं शिवणकाम सुरू झालं. छातीपासून शेपटीच्या बुडापर्यंत कासऱ्यानं माप घेतलं. खाली घोंगडी, कारण लोकर ओली झाली तरी ऊब धरते. वर कापसाच्या गंजीवरची ताडपत्री, पण पोटाखाली मोकळी, वारा खेळेल अशी. दाभण मामाच्या हातात, सुतळी माझ्या. पहिली झूल आम्ही दोघांनी मिळून बिघडवली. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो तिथं ती घासली आणि शेवंतीचे केस गेले. मग मामीनं आपलं मऊ झालेलं जुनं लुगडं फाडून दिलं, ते तिथं आतून लावलं. दुसऱ्या वेळी वाऱ्यानं झूल एका बाजूला ओघळली. तेव्हा मामानं पोटाखालून दोन पट्टे एकमेकांवर आडवे घेतले आणि मला सुरगाठ शिकवली, एका झटक्यात सुटणारी. “झुलीले निरगाठ मारू नोको, माय. घोडी भेली तं सोडाले टाइम भेटत नाही.”

मागच्या वर्षी फाल्गुनात मारेगावकडच्या एका लग्नात मी त्याच्याबरोबर गेले होते. नवरदेव घोडीवर चढला, बँड सुरू झाला आणि गारा पडू लागल्या. बोराएवढ्या. माणसं मांडवात पळाली. मखमल पाणी पिऊन जड झाली आणि शेवंतीच्या पाठीचं कातडं थरथरू लागलं. मामानं नवरदेवाला खाली उतरवलं आणि भर गारांत मखमल ओढून काढली. नवरदेवाचा काका धावून आला. “वरात घोंगडीवर काढतो का बे? व्हिडिओ चालू हाये!” त्यानं मामाच्या हातातली घोंगडीची झूल धरली. मागून आणखी दोघं-तिघं आले. मला वाटलं, आता मारतात. मामानं झूल सोडली नाही. “नवरदेव भिजला तं दुसरा कुर्ता हाये त्याले,” तो म्हणाला. “हिले हाये का?” कुणी हसलं नाही. शेवटी नवरदेवच म्हणाला, “जाऊ द्या ना काका, मी पायी येतो.” गारा थांबल्यावर तो खरंच पायी गेला. मामा बारदानानं घोडी पुसत राहिला, मग झूल टाकली, आणि थोड्या वेळानं तिच्या खांद्याच्या मागे झुलीखाली हात घालून डोळे मिटले. हे तो नेहमी करायचा. आत कोरडं आणि ऊबदार लागलं की त्याचा चेहरा सैल पडायचा. त्या दिवशी तो सैल पडायला फार वेळ लागला...

ती झूल अजून गोठ्यातल्या खुंटीवर आहे. तिला लोकरीचा, घोडीचा आणि मामाच्या तंबाखूचा वास येतो.

तेरवीच्या दुपारी बँडवाल्याला मात्र हवी होती ती मखमल. त्याच्या भागीदाराला फोटो पाठवायचा होता. पहिले टपोरे थेंब पडून शेवंती ओली झालीच होती. तिच्यावर त्यानं लाल झूल चढवली आणि घसरू नये म्हणून पोटाखाली दोरी आवळून बांधली. निरगाठ. मी पाहत होते. ‘तशी बांधू नका,’ एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, इस्त्री केलेलं... आणि तेवढ्यात वीज कडाडली. पावसाची सर आडवी आली. शेवंती उसळली. भिजलेली मखमल एका बाजूला ओघळून पोटाखाली गेली, तिच्या मागच्या पायांत लोंबू लागली. पायांत काहीतरी अडकलंय म्हणून ती आणखी लाथा झाडू लागली. “धरा! धरा!” थोरले मामा ओरडत होते. बँडवाला गाठ सोडायला वाकला आणि लाथ चुकवून मागे पडला. ओल्या दोरीची गाठ सुटणार नव्हतीच. मामी उभी राहिली होती, तोंडावर पदर.

मी स्वयंपाकघरातून चाकू घेतला. शेवंतीच्या मागून नाही, खांद्याकडून गेले, मामा जायचा तशी, तिच्या मानेवर हात ठेवून. दुसरा हात तिच्या पोटाखाली घातला. दोरी ताणून बसली होती. एकदा, दोनदा ओढला चाकू... आणि मामाची नागपुरी मखमल चिखलात पडली. शेवंती तिच्यावरून पाय काढून बाजूला झाली आणि थरथरत उभी राहिली. मी तिला गोठ्यात नेलं. मामी बारदान घेऊन माझ्या मागोमाग आली. आम्ही दोघींनी तिला पाठ, पोट, पाय असं पुसून काढलं, मग खुंटीवरची झूल टाकली. छातीपाशी बांधलं, पोटाखालचे पट्टे आडवे घेतले, सुरगाठ मारली. बाहेर गारा पत्र्यावर आपटत होत्या.

सर ओसरल्यावर थोरले मामा गोठ्याच्या दारात आले. बँडवाला त्यांच्या मागे, कपडे चिखलानं माखलेले. थोरले मामा रागावलेले नव्हते. थकलेले होते, त्यांचाही भाऊ गेला होता. “आज केलं तू, पोरी,” ते म्हणाले. “पन पुढं काय? पानी येईन, थंडी येईन. रोज कोन हाये हिच्यासाठी?” मामीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती घोडीच्या कपाळावरची चिखलाचे ठिपके नखानं काढत राहिली, आणि तिचा हात मध्येच थांबला.

मी झुलीखाली हात घातला, खांद्याच्या मागे. ऊब यायला लागली होती. लुगड्याची मऊ पट्टी बोटांना लागली.

“मी हाये,” मी म्हटलं. “शेवंती कुठी जात नाही.”