पडद्यातला हात

उमापुरात बाजारपेठेच्या तोंडाशी आमचं किराणा दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर आणि मधल्या दारात पडदा. पुढं गादीवर मालक बसायचे. मालक म्हणजे माझे यजमान. आमच्याकडं बायका नवऱ्याला मालकच म्हणतात, आणि माझ्या बाबतीत त्यात काही खोटं नव्हतं. गिऱ्हाइकानं जिरं मागितलं की मालक मान न वळवता म्हणायचे, "जिरं, पावशेर." मग पडद्याच्या फटीतून माझा हात पुडी घेऊन बाहेर यायचा. निवडणं, जोखणं, पुड्या बांधणं, कुठला डबा कुठल्या फळीवर हे ध्यानात ठेवणं, सगळं माझ्याकडं होतं. सासूबाईंनी तसंच केलं होतं आणि त्यांच्या सासूबाईंनीही. लिंगायत वाण्याच्या घरची बाई गादीवर बसत नाही, एवढंच मला लग्नानंतर सांगण्यात आलं आणि मी ते ऐकून घेतलं.

त्यामुळं गावाला माझा हात चांगला ओळखीचा होता. हिरव्या बांगड्या आणि मनगटावर कढईचा चटका बसून राहिलेला लांबट डाग. आईबरोबर आलेल्या एका बारक्या पोरीनं एकदा मालकांना विचारलं, "आप्पा, तुमच्या पडद्याला हात कसा काय हाय?" दुकानात हसू फुटलं. मीही हसले, पण पडद्याच्या आत.

पुढं मोबाइलवरून पैसे द्यायची पद्धत आली आणि गादीवर तो बोलणारा डबा आला. पैसे जमा झाले की बाईच्या आवाजात ओरडायचा. मालक रोज सकाळी तो डबा फडक्यानं पुसून आपल्या शेजारी नीट मांडून ठेवायचे. त्या डब्याला गादीवर जागा होती. मी त्या डब्यावरसुद्धा जळायचे, यावरून माझी अवस्था ओळखावी.

अशात समोरचा गाळा एका नवरा-बायकोनं भाड्यानं घेतला. दोघंही शिवणकाम करणारे, आधी मांजरसुंब्याला ट्रकच्या सीटची कव्हरं शिवायचे. ख्रिस्ती होते. गावानं त्यांना टेलर आणि टेलरबाई अशी नावं देऊन टाकली. त्यांनी दोन मशिनी गाळ्याच्या अगदी तोंडाशी, रस्त्याकडं तोंड करून, एकीला लागून एक मांडल्या. सकाळी शटर वर गेलं की दोघं शेजारी शेजारी बसायचे ते दिवस मावळेपर्यंत.

पडद्याच्या फटीतून मला ती दोघं सरळ दिसायची. तो पँटी शिवायचा, ती ब्लाउज. तिला जवळचं कमी दिसायचं. दोरा तुटला की ती काही बोलायची नाही, नुसती थांबायची. हा आपलं काम सोडून, तिच्याकडं न बघताच, सुई ओवून द्यायचा आणि पुन्हा आपलं पायडल मारायला लागायचा. दुपारी दोघं एकाच वेळी डबे उघडायचे. तिच्या डब्यातली भाजी तो न विचारता उचलायचा, ती त्याच्यातली. माझ्या घरी मालक जेवून उठल्यावर मी त्यांच्याच ताटात जेवायला बसायचे. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं, समोरचे डबे बघेपर्यंत. मग मात्र घास गिळवेना.

ब्लाउज शिवायच्या निमित्तानं मी तिच्याकडं गेले. टेलर बटणं आणायला गेवराईला गेला होता. ती माप घेत होती तेव्हा मी मुद्दाम तिरकं बोलले, "टेलरबाई, दिवसभर नवऱ्याला खेटून बसायला लाज न्हाई वाटत व्हय?"

तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती हसली. "वैनी, देवानंच खेटून केलंय, तर मी काय करू?"

मग टेप गळ्यात अडकवून तिनं मला त्यांच्यातली जगाच्या सुरुवातीची गोष्ट सांगितली. देवानं आधी माणूस केला. बाग दिली, झाडं दिली, पण तो एकटाच होता. मग देवानं सगळी जनावरं, पाखरं त्याच्यापुढून नेली. त्यानं सगळ्यांना नावं ठेवली, पण जोडीला बसेल असं एकही निघेना. शेवटी देवानं त्याला गाढ निजवलं, त्याच्या कुशीतली एक फासळी काढली आणि तिची बाई केली.

"म्हंजे तितंबी बाप्या झोपलेलाच व्हता," मी म्हणाले.

ती इतकी हसली की तिचा चष्मा खाली आला.

"पर फासळीच कावून?" मी विचारलं. "हाताचं बोट घेतलं असतं, केस घेतला असता."

तिनं मापाला नेलेला माझाच जुना ब्लाउज उलटा केला आणि बगलेखालची शिवण दाखवली. आत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं. "वैनी, अंगाला घट्ट झालं तर आमी कुटं उसवतो? गळ्यात न्हाई, पाठीत न्हाई. बाजूलाच. सैल करायची जागा, मार्जिन म्हंतो आमी, तितंच सोडलेली आसती. त्या माणसाला एकट्याला लई घट्ट होत आसंल. देवानं बाजू उसवली."

मी ब्लाउज तिथंच टाकून घरी आले. डोळ्यांत पाणी का आलं ते मला कळत होतं आणि कळत होतं म्हणूनच जास्त राग येत होता. देवानं हिला फासळीतून केलं, हिच्या नवऱ्यानं मशीन शेजारी मांडली. आणि मी? माझ्या नवऱ्यानं मला फक्त मनगटापर्यंत बाहेर घेतलं होतं.

मालकांना वाढताना मी ती गोष्ट सांगितली. सगळी सांगितली, घट्ट-सैल सुद्धा. मालक भाकरी मोडता मोडता म्हणाले, "म्हंजे बाई मदतीलाच केली ना? मग तू काय येगळं करतीस?"

"मदतीला म्हंजे आडोशाला न्हाई," मी म्हणाले. "आपल्यात तर बाईच्या गळ्यातबी लिंग हाय. तुमच्या गळ्यात हाय तेच."

"मग? मी काय काढून घेतलंय का?"

त्यांनी काही काढून घेतलं नव्हतं, हेही खरं. सकाळी आम्ही दोघं आपापलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचो. दिवसभरात एकत्र बसायची तेवढीच काय ती वेळ. त्यातही त्यांचा पाट पुढं असायचा आणि माझा मागं. त्यांची पाठ बघत माझी पूजा व्हायची. दुसऱ्या दिवशी मी माझा पाट पुढं सरकवून त्यांच्या रांगेत ठेवला. मालकांनी डोळे उघडले, पाटाकडं पाहिलं आणि "भिताडाला जागा सोड, ओल येती" म्हणाले. मी पाट मागं घेतला.

नाताळाच्या आधी टेलरबाईनं प्रार्थनेला बोलावलं. तिच्या घरच्या ओसरीत बीडहून पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, येणार होते. मी गेले ते देवासाठी नाही. ही दोघं तिथंही खेटून बसतात का, ते मला बघायचं होतं.

ओसरीत दोन सतरंज्या होत्या. एकीवर बाप्ये, एकीवर बाया. बायांच्या डोक्यावर पदर. टेलरबाई आमच्याकडं आणि टेलर पलीकडं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वर पाळकांनी नेमकी तीच गोष्ट काढली. देवानं आधी पुरुष केला, मग त्याच्या मदतीसाठी स्त्री. म्हणून पुरुष हा घराचं मस्तक, स्त्रीनं त्याच्या छायेखाली राहावं. पाळकांचा आवाज चांगला भारदस्त होता. मी पदराखाली हसू दाबत होते. आता सांग म्हणावं मार्जिनच्या गोष्टी! आमच्या मालकांना इथं आणलं असतं तर ते त्या पाळकांच्या गळ्यातच पडले असते.

मग गाणं सुरू झालं. सगळ्यांनी पुस्तकं उघडली. मी सहज बाजूला पाहिलं तर टेलरबाई आमच्या सतरंजीच्या अगदी कडेला बसलेली होती आणि टेलर त्यांच्या सतरंजीच्या कडेला. मधे फक्त वीतभर फरशी होती. तिनं चष्मा लावला नव्हता. त्यानं पुस्तक त्या फरशीवर अधांतरी धरलं होतं, ओळीखाली बोट फिरवत, आणि ती मान वाकडी करून गात होती. पाळकांना दिसत होतं की नाही कोण जाणे. मला दिसत होतं, आणि माझं हसू जागच्या जागी विझलं.

निघताना मी तिला टोचलंच. "तुमचे पाळक तर येगळंच सांगत व्हते."

"सांगतेत," ती म्हणाली. "मी ऐकून घेते वैनी. गोष्ट मोटी हाय, ज्याला जे घावतं ते त्यो घेतो. बसायचं कुटं, ते मी अन् ह्यांनी बघितलं."

ते 'मी अन् ह्यांनी' माझ्या डोक्यातून जाईना. माझ्याकडं 'मी' होती आणि 'हे' होते. मधलं 'अन्' नव्हतं.

सकाळी मी पडदा काढला. तो खरंच तेलकट झाला होता, त्यामुळं मालकांनीही हरकत घेतली नाही. "नवा जाड शिवायला सांग," म्हणाले. मी कापड घेऊन समोर गेले. टेलरबाईनं कापड पाहिलं, समोरचं आमचं उघडं दार पाहिलं आणि म्हणाली, "उद्या देते."

ह्या बाईनं आजवर कुणाचा ब्लाउज एक दिवस उशिरा दिला नव्हता. लग्नाघरचे ढीगच्या ढीग वेळेवर दिले. आणि आमचा पडदा मात्र उद्यावरून परवावर जायला लागला. कधी दोरा नाही, कधी लाईट नाही, कधी हातात दुसरं काम. मालक विचारायचे, मी म्हणायचे, शिवतेय. मी स्वतः तिला एकदाही आठवण केली नाही.

दार उघडं राहिलं तसं गिऱ्हाइकांना आत एक अख्खी बाई आहे हे दिसायला लागलं. बाया मालकांना ओलांडून माझ्याशीच बोलायला लागल्या, पोहे जाड आहेत का, डाळ शिजते का. मालक मधे बसून एकदा इकडं, एकदा तिकडं बघायचे. एका दुपारी त्यांनी दारावर चादर बांधायला घेतली, पण खिळा ढिला होता, चादर त्यांच्याच डोक्यावर पडली. समोरून दोन मशिनींचा आवाज एकदम थांबल्याचं मला ऐकू आलं.

मग बाजाराचा दिवस आला. तलवाड्याकडचीही माणसं होती, दुकान भरलेलं. मालक पोत्यांची गाडी उतरवून घ्यायला बाहेर गेले आणि गादी रिकामी झाली. लोक पिशव्या पुढं करत उभे. मी दारात उभी होते. चार पावलांवर गादी. समोर बघितलं तर ती दोघं शेजारी बसून काजं-बटणं करत होती, आणि त्या मत्सरानंच मला पुढं ढकललं. मी गादीवर जाऊन बसले. मधे नाही, बाजूला. बोलणारा डबा उचलून खाली ठेवला.

मालक आत आले आणि थबकले. लोकांसमोर काही बोलायची सोय नव्हती. ते उरलेल्या जागेत बसले, अंग चोरून.

कायम आमच्याकडंच सामान भरणारी, पण पडदा निघाल्यापासून न आलेली एक म्हातारी पुढं आली. तिनं मला खालीवर न्याहाळलं, मग मालकांना विचारलं, "आप्पा, ह्या कोण? पाव्हण्या का? आन् आपल्या बाई कुटं गेल्या?"

इतकी वर्षं मी तिला पुड्या दिल्या होत्या. मी नुसता हात पुढं केला. तिनं तो डाग पाहिला, मनगट धरलं आणि म्हणाली, "अगं बया, ह्याच व्हय! तुमाला तोंडबी हाय की!" सगळं दुकान हसलं. मी मालकांकडं पाहिलं. ते काय म्हणतात यावर माझा जीव टांगलेला होता. पाव्हणी म्हणतात, मदतीला बसवलंय म्हणतात, की आत जा म्हणतात.

मालकांनी सरळ म्हातारीलाच विचारलं, "काय देऊ?"

"जिरं. पावशेर."

मालकांनी सवयीनं मान न वळवता हाक दिली, "जिरं, पावशेर." हात आला नाही. हात त्यांच्या शेजारी बसला होता. त्यांनी वळून रिकाम्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी जागची हलले नाही. मग मालक उठले आणि आत गेले. डबे उघडल्या-लावल्याचा आवाज येत राहिला.

"जिरं कुटं ठिवलंय?" आतून आवाज आला.

"वरच्या फळीवर, डाव्या अंगाला," मी गादीवरून सांगितलं.

थोड्या वेळानं दाराच्या कडेतून त्यांचा हात बाहेर आला. पुडी कशीतरी बांधलेली, दोरा लोंबणारा. मी ती घेतली आणि म्हातारीला दिली.

हे टेलरबाईनं बघितलं पाहिजे, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. मी समोर मान वर केली. तिनं बघितलं होतं. तिनं टेलरला कोपरानं ढोसलं, त्यानंही बघितलं. आणि मग ती दोघं हसली, पण माझ्याकडं बघून नाही, एकमेकांकडं बघून.

मालक येऊन पुन्हा शेजारी बसले. आम्ही दोघंही समोर बघत होतो.