रिकाम्या सुपाचा लिलाव

कापणीच्या सणाला मी एकदा पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, छत्री विकली होती. चर्चच्या अंगणात टेबलाला टेकवून ठेवलेली दिसली. मला वाटलं, कुणीतरी अर्पण केलीय. उघडून दाखवली, "हिच्याखाली ऊन नाही, पाऊस नाही, आणि सासूचं बोलणंही पोचत नाही" असं तिचं कौतुक केलं आणि एक वार, दोन वार, तीन वार म्हणून मोकळा झालो. घेणाऱ्या बाई ती परत द्यायला तयार होईनात. देवाच्या टेबलाला लागलेली वस्तू, म्हणाल्या. त्या वेळचे पाळक वयस्कर होते. भर उन्हात जुन्नरच्या एसटी स्टँडकडे पायी निघाले आणि जाताना मला म्हणाले, "देवानं तुम्हाला तोंड दिलं, कडी लावायची राहिली."

हा सण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्या मंडळीतला प्रत्येक जण आपल्या घरचं काहीतरी चर्चमध्ये आणतो. कुणी भात, कुणी बाजरी, कुणी कोंबडा, कुणी पपई. ज्याला शेत नाही तो डझनभर अंडी आणतो नाहीतर घरी केलेल्या चकल्या. आभाराची उपासना होते आणि मग अंगणात त्या सगळ्याचा लिलाव. लिलाव पुकारतो मी. माझा जन्मच नारायणगावच्या मार्केट यार्डात आडत्याकडे टोमॅटो पुकारण्यात गेला, तेव्हा मंडळीने दुसरा माणूस शोधलाच नाही.

आमच्या लिलावाचे दोन नियम. पुकारणाऱ्याने प्रत्येक वस्तूबद्दल चार शब्द बोलायचे; मुक्याने काही विकायचं नाही. आणि ज्या वस्तूला कुणीच बोली लावणार नाही, ती पुकारणाऱ्याने स्वतः घ्यायची. हा दुसरा नियम माझ्याच फुशारकीतून आला. "माझ्या तोंडून निघालेला माल उठला नाही तर मी घेईन," असं एकदा छाती काढून म्हणालो, आणि मंडळी वचनाला पक्की निघाली. तेव्हापासून दर वर्षी मी घरी दुधी भोपळे आणतो. बायको म्हणायची, "लोकं देवाला देऊन येत्यात. आमचं येडं देवाकडनं दुधी घेऊन येतंय."

यंदा पावसाळ्यात आमची मुलगी गेली.

एकुलती होती. वारूळवाडीला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्युटी पार्लर होतं. कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी ती मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवून माझ्या भुवया कापायची. म्हणायची, "पप्पा, लोकांना तुमचे डोळे तरी दिसू द्या, तोंड तर दिसतंच." तिला रक्ताचा आजार झाला. पुण्याला हॉस्पिटल, मग घर, मग परत हॉस्पिटल. मंडळीने आळीपाळीने उपास केले, घरोघरी प्रार्थना केल्या. मध्ये एकदा रिपोर्ट चांगला आला. त्या रविवारी मी उपासनेत उभा राहून साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी काय साधी साक्ष देणार? आवाज चढवला, हात वर केला, थांबायच्या ठिकाणी थांबलो. बायका रडल्या. मला स्वतःला ती फार आवडली. पुढचा रिपोर्ट वाईट आला. मालाचा पत्ता नाही आणि मी तीन वार म्हणून बसलेलो.

दफनविधीनंतर लोक ओळीने हात मिळवायला आले. नाताळला उपासनेनंतर येतात तसेच. प्रत्येकाने काहीतरी हळू आवाजात म्हटलं आणि मी प्रत्येकाला म्हटलं, "तुम्हालाही." बरेच जण झाल्यावर बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा कळलं. पण कळून दुसरं काही सुचलं नाही. पुढच्या माणसालाही तेच म्हणालो.

मग मी कामाला जायला लागलो. यार्डात क्रेट समोर यायचे, आवाज आपला आपण निघायचा, व्यापारी बोट वर करायचे. मी त्या आवाजाच्या मागे कुठेतरी उभा असायचो. एकदा दुपारी मंचरच्या स्टँडवर उतरलो आणि आपण इथे का आलो ते आठवेना. बाकावर बसलो, अवसरीची गाडी लागली, गेली, मग परत आलो. वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. दाढ काढल्यावर गाल आपला नसतो, तसं अंगभर होतं.

घरी सांत्वनाला माणसं यायची. चहा व्हायचा, प्रार्थना व्हायची आणि मग कुणीतरी कारण सांगायचं. मंडळीतल्या एक वयस्कर बाई बायकोचा हात धरून म्हणाल्या, "देवाला आपल्या बागेत चांगलीच फुलं लागतात गं."

"मग बी पेरावं की त्यानं," बायको म्हणाली. "आमच्या कुंडीतलं कशाला खुडायचं?"

बाईंनी चहा अर्धा ठेवला. मी दारापर्यंत पोचवायला गेलो आणि त्यांना "परत या" म्हणालो.

खरं तर ती फुलांची गोष्ट मीही लोकांच्या घरी जाऊन सांगितलेली आहे, तीही जास्त रंगवून. बायकोला ते पाठ होतं. त्या संध्याकाळी भांडी घासता घासता तिने विचारलं, "आता मला सांगा. तिलाच का?"

मी सुरुवात केली. म्हणालो, देव परीक्षा बघतो.

"पास कोण झालं?"

म्हणालो, यातून पुढे काहीतरी चांगलं निघेल.

"कुणाचं?"

मग माझ्या तोंडून जे निघालं ते लिहायलाही नको, पण लिहितो. म्हणालो, पुढे जाऊन तिला याहून मोठं दुःख भोगावं लागलं असतं, त्यातून देवाने तिला वाचवलं. बायकोने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. यार्डात सडका माल वर चांगला थर लावून आणणाऱ्या माणसाकडे आम्ही पाहतो, तसं.

"तुमाला म्हाईत न्हाई ना?"

मी एक ताट उचलून पुसायला लागलो.

"मग न्हाई म्हना की. येवढंच म्हना."

मला ते म्हणता आलं नाही. हट्ट नव्हता. तोंडच त्या बाजूला वळेना. आयुष्यभर मी एकही वस्तू शब्दांवाचून पुढे सरकवली नव्हती, मऊ पडलेल्या टोमॅटोलासुद्धा "आजच्या आज रस्सा करा" म्हणून विकलं होतं. मी म्हणालो, "देवाच्या मनात काय असतं ते..." आणि पुढे बोलतच राहिलो. ती उठून आत गेली.

तेव्हापासून ती चर्चला यायची बंद झाली. रात्रीची घरातली प्रार्थना आम्ही लग्नापासून एकत्र करत आलो होतो. ती मी एकट्याने करू लागलो. ती स्वयंपाकघरात दिवा बंद करून बसायची. एकदा म्हणाली, "देवावर माझा राग हाय का नाय, ते मलाच कळंना. पन तुमच्या बोलन्याशेजारी मला बसवत न्हाई." मी माणूस तसा निर्लज्ज, पण हे लागलं. म्हणजे, लागायला हवं होतं. लागलेली जागा दिसत होती, दुखत नव्हती. एवढं मात्र समजत होतं की मुलगी गेली ती गेली, आता हीसुद्धा याच घरात राहून चालली आहे.

आमचे आताचे पाळक तरुण आहेत. ते एकदा आले तेव्हा बायको घेवडा सोलत होती. त्यांनी समोर बसून शेंगा हातात घेतल्या. तिने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मावशी, मी पण विचारतो रोज." मग सोलत राहिले. बरेच दाणे खाली सांडले. ते गेल्यावर बायको मला म्हणाली, "पोराला सोलता येत न्हाई. पन पोरगं बरं हाय."

कापणीच्या सणाच्या सकाळी मी स्कूटर बाहेर काढली. आम्ही काय न्यायचं ते मी विचारलंच नव्हतं. कशाचे आभार मानायचे हा प्रश्न त्यातूनच निघाला असता. तेवढ्यात बायको इस्त्रीची साडी नेसून बाहेर आली. हातात टॉवेलने झाकलेलं सूप. मागे बसली आणि म्हणाली, "चला."

मी खूश झालो. म्हटलं, घेवडा असणार. जुन्नरपर्यंत तिने एक शब्द काढला नाही, मीच रस्त्यातल्या खड्ड्यांवर भाषण केलं.

उपासना झाली. गाणी सगळी नेहमीची. ती बायकांच्या बाजूला बसली होती, ओठ मिटून. मग अंगणात लिलाव. आमच्या लिलावाला बाहेरचेही येतात. जुन्नरच्या पेठेतला बांगड्यांचा दुकानदार दर वर्षी कोंबड्यासाठी येतो. मुसलमान आहे, माझा जुना मित्र. मुलीच्या पार्लरला नेलपॉलिश आणि पिना तोच पुरवायचा. मी भात उठवला, पपया उठवल्या. कोंबड्याला म्हणालो, "हा पहाटे तीनदा आरवतो, ज्याला पश्चात्तापाची सवय आहे त्यानेच घ्यावा." बायबलात कोंबडा आरवल्यावर शिष्य पश्चात्तापाने रडतो, ते आठवून लोक हसले. आवाज मस्त लागला होता, मी आपला मागे उभा.

मग टॉवेल बाजूला केला.

सुपात काही नव्हतं.

मी ते उचललं, उलटं केलं, परत सुलटं केलं. कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. शेजारणीच्या सुपाशी अदलाबदल होऊ नये म्हणून मुलीने लावलेला. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, आतला माल उंदरानं नेला काय?" दोघंतिघं हसले आणि त्यांनाच कुणीतरी गप्प केलं, कारण सूप कुणाचं ते बायकांच्या बाजूला कळलं होतं.

"बोला की राव," बांगडीवाला हळूच म्हणाला.

बोलायचं तर होतं. नियमच होता. मी बायकोकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती, रडत नव्हती. यार्डात शेतकरी आपला माल पुकारला जाताना उभा असतो तशी उभी होती. माझ्या तोंडात दोनतीन वाक्यं तयार झाली, हे खोटं कशाला सांगू? हलकं आहे, टिकाऊ आहे, भरायला भरपूर जागा आहे. तिसरं वाक्य तर टाळ्या घेणारं होतं. मी तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच त्यातून आपोआप काही निघालं नाही.

बऱ्याच वेळाने म्हणालो, "हे सूप आहे. यात काही नाही. का नाही, ते मला माहीत नाही."

आवाज नेहमीचा नव्हता. मागच्यांना ऐकू गेला नसेल. आमच्या पाळकांनी मान खाली घातली. वाटलं आता ते प्रार्थना करतील, पण त्यांनीही काही केलं नाही.

बांगडीवाल्याने बोट वर केलं. "भाऊ, माझी बोली..."

"भाऊ, तुमी थांबा," बायको म्हणाली.

"जी भाभी." त्याने बोट खाली घेतलं.

दुसरं कुणी बोललं नाही. मी म्हणालो, "एक वार." थांबलो. "दोन वार." थांबलो. "तीन वार." आणि नियमाप्रमाणे सूप माझ्याकडे आलं. ते खांबाला टेकवून ठेवलं. पुढची वस्तू दुधी भोपळा होती. मी तो नुसताच वर धरला, एक शब्द न बोलता, आणि तोही माझ्याकडे आला.

परत येताना सूप बायकोच्या हातात, दुधी माझ्या पायांमध्ये. नारायणगावच्या रस्त्याला लागलो तर वाऱ्याने सूप शिडासारखं भरलं आणि स्कूटर उसाच्या बाजूला ओढायला लागली.

"अगं, आडवं धर!"

"धरलंय. तुमी म्होरं बघा."

"आपण उसात जाणार."

"जाऊ. बिबट्या बसलाय वाट बघत. तुमाला बघून त्योच पळंल."

मी हळू केली. थोड्या वेळाने मागे न बघता विचारलं, "तुला एवढंच हवं होतं का?"

"न्हाई," ती म्हणाली. "मला ती पायजे व्हती."



रात्री मी प्रार्थनेला बसलो. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. तिने सुपात तांदूळ घेतले आणि ते घेऊन बाहेर आली, माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. मी डोळे मिटले. सुरुवात कशी करायची ते आठवेना. मी तसाच बसलो आणि ती खडे वेचत राहिली. तांदूळ सुपात सरकल्याचा आवाज येत होता. शेवटी मी "आमेन" म्हणालो. ती काही म्हणाली नाही, पण उठलीही नाही.

"दुधी उद्या करते," ती म्हणाली. "चण्याची डाळ भिजत घाला तुमी."

मी उठून डाळ भिजत घातली.