गोळ्या कुणाच्या

साल दोन हजार तेवीस. दिवाळी होऊन गेलेली, हरभरा वीतभर वर आलेला. त्या थंडीत मी स्वतःचा असा पचका करून घेतला की आज कुठं सांगायची हिंमत होतेय. हसा, पण एकदाच.

झोप उडाली होती. वावरात पाय ठेवू वाटेना. आमच्या हिनं मला लातूरच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं धाडलं. बाई म्हणाल्या, "काका, मेंदूत निरोप पोचवणारी रसायनं असतात. त्यांचं काम बिघडलं की मन खाली बसतं. कारण तेवढंच नसतं, पण गोळीनं उठायला मदत होते."

"माती तपासल्याबिगर खत कसं सांगता? आधी डोक्याचा नमुना काढा की!"

"डोकं म्हणजे वावर नाही, काका. गोळ्या चुकवू नका. चार आठवड्यांनी या."

परतीला किल्लारीच्या जीपमध्ये शेजारचा सोपान, मांडीला मांडी लावून. पिशवीवरचं 'मनोविकार' त्यानं मोठ्यानं वाचलं.

"कुणाला झालं वो, अण्णा?"

आता काय सांगणार? ज्याच्या एका आवाजाला बैल जागीच थांबतात, तो मी! म्हणालो, "आमच्या हिला."

झालं! जीप थांबायच्या आत बातमी मोबाईलवरून गावात उतरली होती. ओसरीवर बायका जमल्या. कुणी लिंबू उतरवलं, कुणी हिच्या हातातली विळी काढून घेतली. हिनं माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं. माझी इज्जत राखली.

बायका गेल्यावर म्हणाली, "लहान लेकराशी बोलावं तशा बोलून राहिल्यात माझ्याशी. खरं सांगा गावाला."

"गोळ्या संपू दे."

गोळ्या मी गोठ्यात गिळायचो, म्हशीकडं तोंड करून. आणि चौथ्या आठवड्यात झोप लागायला लागली की! हरभरा हिरवा दिसायला लागला. एका सकाळी धार काढताना चक्क गाणं म्हणालो.

नेमका तेव्हाच बिलोलीहून मेव्हणा माधव दारात. मागं सोपान.

"दाजी! माझ्या बहिणीचं डोकं फिरलं, आन् तुमी गाणं म्हणून राहिलात?"

"चार दिसांपासून लई खूश हायत," सोपान म्हणाला. "दुसरी बघून ठेवली काय की!"

"अक्का, भर पिशवी. चल माहेरी."

ही खरंच उठली. लुगडी भरायला लागली. माझ्याकडं बघेना. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. सगळ्यांदेखत एक गोळी तोंडात टाकली, पाण्याबिगर.

"माझ्या हायत. हिला काय बी झालं न्हाई."

सोपानचं तोंड उघडंच राहिलं. म्हैस तेवढी रवंथ करत होती. तिला आधीच माहीत होतं.

हिनं पिशवी खाली ठेवली. "अठ्ठावीस दिस तुमचं दुखणं माझ्या नावावर चाललं. आता अठ्ठावीस दिस भाकरी तुमी थापा."

थापल्या. गोळी आणि भाकरी, दोन्ही न चुकता. एकही गोल झाली नाही. सोपान रोज बघायला यायचा.

एकोणतिसाव्या दिवशी हिनं परात माझ्यापुढून ओढून घेतली.