वाईट अक्षराची तालीम

आजवर मी बरीच नाटकं बसवली. मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी एक, आणि त्यातली निम्मी पडली. पण माझं सगळ्यात यशस्वी दिग्दर्शन झालं ते एका शुक्रवारी दुपारी, पोस्टाच्या खिडकीसमोर, रांगेतल्या दहा-बारा माणसांपुढे. पडदा नाही, माईक नाही. अख्खं नाटक एका सहीचं. ती सही जमली नसती तर एका बाईचं पिकोचं मशीन हातचं जाणार होतं. आणि जाणार होतं ते माझ्यामुळे. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे माझी काकू ते सगळ्यांसमोर सांगणारच आहे.

आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी सांगतोय त्या गोष्टीची सुरुवात छत्तीसगड नवं नवं झालं तेव्हाची. शहर एका रात्रीत राजधानी झालं, पण सरकारला बसायला जागा नव्हती, म्हणून सरकार जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरती झालं. शंकर नगरातली भाडी वाढली. पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत मिळेना. मलाही एका नव्या कार्यालयात कारकुनाची खुर्ची मिळाली. आणि माझी काकू, जी तोवर फक्त घरच्यांना रागवायची, ती अल्पबचतीची एजंट झाली आणि तिला रागवायला अख्खं शहर मिळालं.

योजना सरळ होती. हातावर पोट असणाऱ्यांनी दर महिन्याला थोडे पैसे पोस्टात टाकायचे आणि पाच वर्षांनी व्याजासकट उचलायचे. हे पैसे घरोघर, दुकानोदुकान फिरून गोळा करायला सरकारनं बायका नेमल्या होत्या. पोस्टाच्या भिंतीवरच्या चित्रात एक हसरं कुटुंब पासबुकाकडे पाहत होतं. काकूला ते चित्र अजिबात पटत नसे.

"हासून कोणी पैसे ठेवते का?" ती म्हणायची. "धाक पाहिजे."

तिचा धाक असा, की महिन्याच्या पाच तारखेला तिची कापडी पिशवी पंडरीच्या कापड बाजारात शिरली की हमाल विडी विझवायचे. कोणी म्हटलं, "दीदी, या महिन्यात जमणार नाही," तर काकू दुकानाच्या पायरीवर बसून राहायची. काही बोलायची नाही. पाणी मागायची, पंखा लावायला सांगायची. अर्ध्या तासात पैसे निघायचे. माणसांची नावं ती लक्षात ठेवत नसे, जागा ठेवायची. त्यामुळे आमच्या घरात ती बाई कायम 'पंडरीवाली' म्हणूनच ओळखली गेली.

पंडरीवाली एका ठोक दुकानात साड्यांच्या घड्या घालायची. दिवसभर गिऱ्हाईक साड्या उलगडणार, ही पुन्हा घड्या घालणार. महिना पन्नास रुपये तिनं पाच वर्षं टाकले, एकदाही न चुकता. तिचा बेत पक्का होता. खातं भरलं की साड्यांना फॉल-पिको करायचं मशीन घ्यायचं आणि दुसऱ्याच्या घड्या घालणं सोडून द्यायचं.

आता माझा गुन्हा. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, समाजभवनात संध्याकाळी मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग चालायचा, आणि तिथे मी हौसेनं शिकवायचो. पंडरीवाली दोन वर्षं यायची. आली तेव्हा तिला नाव तेवढं कसंबसं खरडता यायचं. साडीची घडी घालणारे हात ते. सारखं माप, सरळ रेघ, कोपऱ्याला कोपरा. तिचं अक्षर असं काही वळणदार झालं की मी ते इतरांना दाखवत फिरायचो. सही तर मी तिच्याकडून शंभरदा गिरवून घेतली. वरची रेघ कशी, दोरी ताणून काढल्यासारखी!

खात्याची मुदत संपली तो गुरुवार. मशीन विकणारा टेलर गावी परत चालला होता. तो म्हणाला होता, शनिवार संध्याकाळपर्यंत थांबतो, त्यानंतर नाही, सदर बाजारचा एक जण रोख घेऊन तयार आहे. काकू, पंडरीवाली आणि मी असे तिघं पोस्टात गेलो. मी काही कामाला गेलो नव्हतो, शिष्येची सही बघायला गेलो होतो.

तिनं पैसे काढायच्या फॉर्मवर सही केली. मी आजूबाजूला पाहिलं, कोणी दाद देतंय का. खिडकीतल्या बाबूंनी फॉर्म घेतला, कपाटातून पाच वर्षांपूर्वीचं सहीच्या नमुन्याचं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी ठेवलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"दीदी, दस्तखत नहीं मिल रहा."

"कैसे नहीं मिलेगा?" काकू म्हणाली. "बाई तो वही है."

"बाई वही होगी. पर कार्ड वाला दस्तखत किसी अनपढ़ का है, और ये तो मास्टरनी का है."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

बाबू वाईट माणूस नव्हते. सही जुळल्याशिवाय दुसऱ्याचे पैसे द्यायचे नाहीत हा नियम पंडरीवालीच्याच भल्याचा होता. उपाय होता तोही त्यांनी सांगितला. अर्ज, दोन साक्षीदार, आणि पोस्टमास्तरांसमोर नवी सही. फक्त पोस्टमास्तर रजेवर होते, ते बुधवारी येणार होते. मी विचारलं, जुनं कार्ड जरा बघू का? बाबूंनी ते छातीशी धरलं.

घरी आलो. मी म्हणालो, मशीनचे पैसे मी देतो, बुधवारी परत दे. पंडरीवालीनं मान हलवली.

"नहीं गुरुजी. मशीन लेहूं त अपनेच पइसा ले."

पाच वर्षं ज्यासाठी एकेक नोट वेगळी काढली, ते दुसऱ्याच्या पैशानं घरात आणायचं नव्हतं तिला. मग एकच रस्ता उरला. दोन वर्षं शिकवलेलं दोन तासांत विसरायला लावायचं.

तालीम सुरू झाली. मी म्हटलं, वाईट लिही. तिनं प्रामाणिकपणे प्रयत्न केला, आणि कागदावर सुंदर सही उमटली. डोळे मिटून लिही म्हटलं, तर डोळे मिटूनही रेघ सरळ. डाव्या हातानं लिहायला लावलं, तेव्हा मेलेल्या कोळ्यासारखं काहीतरी आलं, पण ते तिचं नव्हतं. मी हताश होऊन म्हणालो, "अगं, जरा तरी बिघडव!" तर ती रडवेली होऊन म्हणाली, "आपेच मन तो बोले रहेव, रेघ सीधा रख." खरंच, मीच तसं सांगितलं होतं.

काकू खाटेवर बसून भाजी निवडत होती. ती एकदम म्हणाली, "असं नाही येणार. त्या दिवशी ते टेबलावर बसून थोडीच लिहून राहिली होती?"

"मग?"

"उभी होती. पोट्टी कडेवर. पोट्टी केस ओढून राहिली होती. अन् पोस्टाचा पेन, तो सुतळीनं बांधला असते ना, ते सुतळी वीतभर. पेन कागदापर्यंत पुरे नाही. वाकून लिहिलं तिनं. अन् मी..." काकू थांबली.

"तू काय?"

"मी वरडून राहिली होती. खिडकी बंद व्हायची वेळ होती."

मी उभाच राहिलो. पात्रं आली, सामान आलं, प्रवेश आला! सही बोटांत नव्हतीच, ती त्या सगळ्या गोंधळात होती. गोंधळ परत उभा करायचा, सही आपोआप येईल.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी आमची कंपनी पोस्टात दाखल झाली. पाच वर्षांपूर्वीची तान्ही पोट्टी, पंडरीवालीची मुलगी, आता पहिलीत जात होती. तिला आईनं कडेवर घेतलं तेव्हा तिचे पाय आईच्या गुडघ्याखाली लोंबत होते. "मैं का लइका हंव?" असं ती सारखी विचारत होती, मी काय तान्हं बाळ आहे का म्हणून. मी तिला सांगितलं, आईचे केस ओढायचे, आणि ओढलेस तर जलेबी. सुतळीचा पेन त्याच खिळ्याला तसाच होता, देव भलं करो. मी बाजूला उभा राहून काकूला खूण केली.

आणि काकू, जिच्या आवाजानं हमाल विड्या विझवत, ती रांगेकडे बघून लाजली! पदर सावरला आणि गोड सुरात म्हणाली, "बहन, ज़रा जल्दी करो ना."

मंडळाच्या नाटकात प्रत्येक वर्षी हेच होतं. घरात वाघीण असलेली बाई स्टेजवर गेली की बाहुली होते. पंडरीवाली पेन हातात धरून शांत उभी. बोटं वळणदार सहीच्या तयारीत. पोट्टीनं बोटभर केस हळूच धरलेले. खिडकीपलीकडे बाबू घड्याळ बघत होते. आता तिनं पेन टेकवला की संपलं.

मी कुजबुजलो, "काकू, आवाज! शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे!"

"काहून?" काकू गर्रकन वळली. "तू मले शिकवून राहिला? तूच शिकवलं म्हणून तर हे होऊन राहिलं! चांगली अडाणी होती बिचारी, तुले काय खाज होती तिले शिकवाची? तुह्या नाटकापायी..." आणि त्याच श्वासात ती पंडरीवालीवर फिरली. "और तू! देखती क्या है खड़े-खड़े? खिड़की बंद हो जाएगी! जल्दी कर! सरकार तेरे लिए रातभर बैठेगी क्या?"

अख्खं पोस्ट दचकलं. पोट्टी घाबरून खाली घसरली आणि पडू नये म्हणून तिनं आईची वेणी दोन्ही हातांनी धरली. पंडरीवालीची मान मागे गेली, हात पुढे गेला, सुतळी ताणली गेली, आणि त्या झटक्यात, कसंबसं, घाईघाईनं, तिनं नाव खरडलं.

मी वाकून पाहिलं. पहिलं अक्षर वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखं. शेवटचं घसरून खालच्या ओळीत गेलेलं. वरची रेघ नाहीच. इतकं देखणं वाईट अक्षर मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

बाबूंनी फॉर्म ओढला. कार्ड शेजारी ठेवलं. चष्मा खाली, चष्मा वर. रांगेतला एक म्हातारा माझ्या खांद्यावरून डोकावत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं, पण त्यानंही श्वास रोखला होता. पंडरीवालीचे ओठ पांढरे पडले होते.

"हाँ," बाबू म्हणाले. "यही है."

मग त्यांनी मान वर केली. "तो कल कौन आई थी?"

"कल भी मैंच रहेंव, साहेब," पंडरीवाली म्हणाली. "कल पढ़े-लिखे रहेंव."

बाबू आधी हसले नाहीत. शिक्का मारला, नोटा मोजल्या, खिडकीतून सरकवल्या आणि मग हसले, ते खांदे हलेपर्यंत. काकू बाकावर बसली आणि पदरानं वारा घेऊ लागली. मी तिच्या शेजारी बसलो, आणि ती चक्क सरकली. एरवी सरकत नाही.

पण काकू एजंट होती. श्वास जागेवर येताच तिच्या पिशवीतून नवा फॉर्म निघाला. पुढची पाच वर्षं. पंडरीवालीनं नोटा चोळीत ठेवल्या, त्यातली एक परत काढली आणि हो म्हटलं. बाबूंनी स्वतःच्या खिशातला पेन काढून दिला, सुतळी नसलेला. तिनं पोट्टीला खाली उतरवलं, बाकावर फॉर्म ठेवला आणि सही केली. सावकाश. वरची रेघ सगळ्यात शेवटी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग घडी घातलेल्या साडीवरून फिरवावा तसा कागदावरून तळहात फिरवला. रांग थांबून बघत होती.

फॉर्म देऊन ती माझ्यासमोर आली आणि दोन्ही हात जोडले.

"गुरुजी, अब पाँच साल मोला कुछु झन सिखाहू." पाच वर्षं तिला काही म्हणजे काही शिकवायचं नाही! मी कबूल झालो.

शनिवारी दुपारी सायकलरिक्षात मशीन, मशीनवर पोट्टी, पोट्टीच्या हातात माझ्या पैशाची जलेबी, अशी मिरवणूक आमच्या दारावरून गेली. आणि मी शब्द पाळला. पुढची पाच वर्षं तिला फक्त बेरीज-वजाबाकी शिकवली. अक्षराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.