लांबूनच वेग उतरवा

भरत गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तळोद्याच्या बाजारात मिरच्या पारखत उभा होतो. आधी विश्वासच बसेना. पट्टीचा पोहणारा, अंगात लाइफ जॅकेट... तो बुडेल कसा? आणि तो बुडाला नव्हताच. त्याची कयाक उलटली आणि डोकं गावातल्याच राजूच्या मोटारबोटीच्या लोखंडी कडेवर आपटलं. जॅकेटने त्याला तरंगत ठेवलं, एवढंच.

आम्ही दोघं तापीकाठच्या एकाच गावचे, शाळेत एका बाकावरचे. बॅरेजचा बंधारा झाला, नदीत बारमाही पाणी थांबलं, तशा पैलतीरी मजूर नेणाऱ्या मोटारबोटी वाढल्या. भरतने केळीची शेती सांभाळून बडोद्याहून ती कयाक, लांबट प्लॅस्टिकची एकट्याची नाव, आणली. गाव तिला शेवग्याची शेंग म्हणे. तो चिडत नसे. सकाळी वल्हवून परतला की घाटावर बोटवाल्यांचं डोकं खात बसे. त्याचं म्हणणं सरळ होतं. छोट्या नावेजवळ येऊन इंजिन एकदम बंद करू नका. बोट थांबते, पण तिच्यामागची लाट थांबत नाही, ती पुढे येते आणि आम्हाला उलटवते. वेग लांबूनच उतरवा. पण आमच्याकडे ओळखीचा माणूस दिसला आणि न थांबता पुढे गेलं, तर तो माज समजतात. रस्त्यावर तेच, पाण्यावरही तेच. सगळे माना डोलवत, आणि दुसऱ्या दिवशी नेमकं त्याच्या शेजारी इंजिन बंद करून चहा झाला का विचारत. त्या प्रेमाचा मला आजही राग येतो.

राजू भरतचा चुलतभाऊ. दहाव्याला तो सगळ्यांपासून लांब उभा होता. "मी दादाले रामराम कराले थांबनू," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. बोट विकायला काढली होती त्याने. भरतचे वडील, आप्पा, उठून त्याच्याजवळ गेले. आप्पा आता काय बोलतात, याची मलाही धास्ती होती.

"बोट इकू नको," आप्पा म्हणाले. "तू बी सोडी दिधं, तर भरतनं सांगेल ते कोन पाळी?"

परवा संध्याकाळी घाटावर गेलो होतो. पैलतीराहून राजूची बोट मजूर घेऊन निघाली. खूप लांबवरच त्याने वेग उतरवला आणि बोट हळूहळू येत राहिली. बोटीतल्या बायकांना घरी जाऊन चूल पेटवायची होती, पण त्याही डबे मांडीवर धरून बसून राहिल्या. पाण्यावर दुसरी एकही नाव नव्हती.